मॅगव्हील घ्यायचेत? आधी गाडीचं दार उघडा

रामनवमीला जांब समर्थला आलात तर एक करा. दर्शन झाल्या झाल्या परत निघू नका. गावाबाहेर जिथे गाड्या लावलेल्या असतात तिथे एक चक्कर मारा आणि फक्त चाकांकडे बघत चाला. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, त्यांचा जन्मही रामनवमीचाच, १६०८ चा. त्यामुळे उत्सवाला घनसावंगी, अंबड, परतूर अशा सगळीकडून गाड्या येतात. बहुतेक गाड्या एमएच २१, बहुतेकांच्या चाकांवर धूळ आणि अर्ध्या निघालेल्या प्लास्टिकच्या व्हीलकॅप. पण मध्येच एखादी डिझायर किंवा स्विफ्ट अशी उभी असते की नजर थांबतेच. काळीभोर मोठी मॅगव्हील, त्यावर रबरी बांगडी चढवल्यासारखा पातळ टायर. शेजारी दोन-चार पोरं वाकून बघत असतात. त्यातला एक माझा मावसभाऊ होता.

दादाचं कुंभार पिंपळगावला कृषी सेवा केंद्र आहे. २०१८ ची डिझायर, व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली. रोज जांब ते पिंपळगाव अप-डाऊन, आठवड्यातून एकदा जालन्याला माल बघायला, महिन्यातून एकदा समृद्धीवरून लांबचा प्रवास. मागच्या सीटवर कधी बियाण्यांच्या पिशव्या, कधी आमची आजी. टायर गुळगुळीत झाले होते, बदलायचेच होते. मग दादा म्हणाला, “आता बदलायचेच तर सतरा इंची मॅगव्हीलच टाकू की. लई भारी दिसल.” मोबाईलमध्ये फोटो तयारच होता.

मी मास कॉमची विद्यार्थिनी, गाड्यांमधलं मला शून्य कळत होतं. पण दादाबरोबर दुकानं फिरले, प्रश्न विचारले (उत्तरं प्रत्येक वेळी माझ्याऐवजी दादाकडे बघून मिळाली, तो भाग वेगळा) आणि घरी येऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तुमच्याही डोक्यात चाकं बदलायचा किडा वळवळत असेल तर हे वाचून मग दुकानात जा.

पहिलं काम फुकटातलं आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा आकडा छापलेला असतो. दादाच्या गाडीला माप आहे १६५/८० आर १४. हे तीन आकडे एकदा समजले की अर्धी लढाई जिंकली. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मि.मी. आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ज्यानं कुणी ही पद्धत काढली त्याला दहावीच्या भूमितीच्या पेपरला बसवायला पाहिजे.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून १३२ दुणे २६४. त्यात रिमचे १४ इंच, म्हणजे ३५५.६ मि.मी. मिळवा. झाले ६१९.६ मि.मी. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, कारण गाडीचं सगळं गणित याच उंचीवर बसवलेलं असतं. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो आणि चाक ठरावीक उंचीचं आहे असं धरून वेग दाखवतो. गिअर, ब्रेक, पिकअप, सगळं तसंच. म्हणून चाक बदलताना रिम मोठी झाली तरी चालते, पण पूर्ण उंची जवळजवळ तेवढीच राहिली पाहिजे. मग रिम वाढली तर कमी काय होणार? टायरची भिंत.

याच डिझायरच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी १५ इंची अलॉय देते, टायर १८५/६५ आर १५. उंची ६२१.५ मि.मी. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. भिंत १२० मि.मी. बाहेरून सोळा इंची टाकायची तर १९५/५५ आर १६ बसतो. उंची ६२०.९, भिंत १०७. आणि दादाच्या फोटोतली सतरा इंची? २०५/४५ आर १७. उंची ६१६.३, म्हणजे कागदावर एकदम ओके. पण भिंत उरते ९२ मि.मी. चौदा इंचीच्या तुलनेत तब्बल चार सेंटिमीटर कमी.

हे चार सेंटिमीटर म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या गाडीवाल्याला एकवेळ नाही कळणार. जांबच्या माणसाला कळतं. टायरची भिंत म्हणजे त्यात भरलेली हवा, आणि खड्ड्याचा पहिला दणका खाते ती हीच हवा. सस्पेन्शनचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता दर वर्षी तिच्याबरोबर वरखाली होतो. त्यात तीर्थपुरी आणि अंकुशनगरला साखर कारखाने. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडा खाऊन टाकतात. समोरून ट्रॉली आली की तुम्ही डांबराखाली उतरणार, आणि परत वर चढताना चाक त्या तुटक्या कडेवर आपटणार. हे दिवसातून किती वेळा होतं ते दादाला विचारा. भिंत जाड असेल तर “धप्प” एवढा आवाज येतो. भिंत पातळ असेल तर टायर चेपून थेट रिमला टेकतो, आणि मग आवाज वेगळा येतो आणि खर्चही.

लोखंडी रिम वाकते. पंक्चरवाला ठोकून ती बऱ्यापैकी सरळ करून देतो. मॅगव्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्याला मोठा मार बसला तर ते तडकतं. तडकलेलं मॅगव्हील वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण ज्या चाकावर घरची माणसं बसणार त्याच्यावर असली ठिगळं नकोत. मॅगव्हील हलकी असतात म्हणून ॲव्हरेज वाढतं, असं दुकानात सांगतात. चांगल्या कंपनीचं, त्याच मापाचं असेल तर हलकं असू शकतं. पण चौदाच्या जागी स्वस्तातलं सतरा घेतलंत तर ते बऱ्याचदा जडच भरतं, त्यात टायर रुंद. मग ॲव्हरेज वाढायच्या ऐवजी घटतं. दुकानात वजनकाटा असेल तर दोन्ही चाकं ठेवून बघा, वाद मिटतो. आणि हो, ट्यूबलेस टायरला मॅगव्हीलच लागतं हा गैरसमज अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. दादाच्या लोखंडी रिमवर पहिल्यापासून ट्यूबलेसच आहेत.

इथपर्यंत गोष्ट खर्चाची होती. पण ज्या गोष्टीमुळे दादाचा विचार बदलला ती पुढे आहे.

दादाच्या एका मित्राच्या गाडीला सतरा इंची चाकं होती. सहा महिने मस्त चालली. मग गाडी एका बाजूला ओढायला लागली म्हणून तो अलायमेंटला घेऊन गेला. चाक काढल्यावर दिसलं की टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढं टेंगूळ आलेलं आहे. बाहेरून टायर एकदम नवा, नक्षी भरपूर शिल्लक. असं टेंगूळ येतं कारण खड्ड्यात भिंत रिम आणि दगडाच्या मध्ये चेपली जाते आणि आतले धागे तुटतात. धागे तुटलेल्या जागी फक्त रबर उरतं आणि हवा ते बाहेर ढकलते. त्याची दुरुस्ती नाही, टायर टाकूनच द्यायचा. टेंगूळ आलं त्या दिवशी काहीच होत नाही. पिंपळगावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या स्पीडनं तो टायर आठवडाभरही चालेल. तो मित्र त्याच्या आदल्या रविवारी त्याच टायरवर समृद्धीवरून जाऊन आला होता. गाडीत बायको आणि लहान मुलगी.

आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांचं हेच वेगळेपण आहे. त्या दोन रस्त्यांवर जगतात. आठवडाभर खड्डे, रविवारी सिमेंटचा एक्स्प्रेस-वे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, त्यातच जालना आलं. जून २०२५ पासून तर पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. कारला वेगमर्यादा १२० ची. रस्ता सरळ, ब्रेक मारायची वेळच येत नाही, म्हणून टायरलाही विसावा नाही. तासन्‌तास तोच वेग, वर मराठवाड्याचं ऊन, खाली तापलेलं सिमेंट. रस्ता सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, २०२३ मध्ये, परिवहन विभागाला समृद्धीवर टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली. गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. पण तपासणीत दिसते ती नक्षी. आतल्या बाजूचं टेंगूळ उभ्या गाडीत कुणाला दिसणार?

याच ठिकाणी एक जुना समज खोडून काढते. “उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो.” माझ्या वडिलांपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे हेच सांगतात. खरं तर उलट आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपतो आणि सुटतो, आणि या चेपण्या-सुटण्यातूनच तो तापतो. वायरचा तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा वाकवला की गरम होतो, तसंच. दाराच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, पुढे चालताना हवा तापून किती वाढेल हे त्यात धरलेलं असतं. म्हणून सकाळी गाडी हलवायच्या आधी किंवा जवळच्याच पंपावर हवा बघा, आणि स्टिकरवर आहे तेवढी भरा. पाचजण आणि डिकीभर सामान असेल तर त्यासाठीचा वेगळा आकडा असल्यास तो बघा. नायट्रोजन भरायचा की साधी हवा, यावर भांडू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

बरं, माप ठरलं असं समजू. आता रिम गाडीला बसते का? दुकानदार म्हणेल “बसतंय की, चार नटाचंच आहे.” तेवढ्यावर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. एक, नटांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी. डिझायरला चार नट १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर आहेत, बोलीत ‘चार बाय शंभर’. इथे जवळपास-बिवळपास चालत नाही. एका मि.मी.चा फरक असला तरी नट तिरके बसतात आणि सैल होत राहतात. दोन, मधलं भोक. डिझायरच्या हबला ५४.१ मि.मी. लागतं. बाहेरची मॅगव्हील बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची करतात. मग मधल्या फटीत रिंग टाकावी लागते, हब रिंग म्हणतात तिला. ती न टाकता चाक बसवलं तर ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि तुम्ही उगाच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे देत बसता. तीन, ऑफसेट, रिमवर ‘ईटी’ लिहून पुढे आकडा असतो. तो आकडा कंपनीच्या रिमपेक्षा जितका कमी, तितकं चाक बाहेर येणार. थोडं बाहेर आलेलं चाक दिसतं झकास, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि मागे तिघं बसले की टायर मडगार्डला घासतो. चाक बाहेर काढायला मध्ये स्पेसर टाकून देतो म्हणणाऱ्या दुकानातून सरळ उठून या.

नटांचंही बघा. काही मॅगव्हीलना लोखंडी रिमचे नट चालत नाहीत, बुडाचा आकार वेगळा असतो. नवे नट लावले तर जुने चार डिकीत ठेवा, कारण स्टेपनी लोखंडीच राहणार आहे. रात्री नऊ वाजता रस्त्याच्या कडेला हे लक्षात येणं बरं नाही. आणि नवी चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा एकदा पान्यानं तपासून घ्या.

काहीजण दिसण्यासाठी नाही, स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं म्हणून मोठे टायर टाकतात. आमच्याकडे गावागावात असे ब्रेकर आहेत की ते बघून वाटतं खाली काहीतरी पुरलंय. १५ इंची रिमवर १८५ च्या जागी १९५/६५ टाकला तर उंची होते ६३४.५ मि.मी. मूळच्या चौदा इंचीपेक्षा १५ मि.मी. जास्त. पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे साडेसात मि.मी. करंगळीची जाडीसुद्धा नाही. त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०२ च्या पुढे असाल, पिकअप थोडा मरेल, आणि वळताना टायर आत घासायची शक्यता. परवडत नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही चाकं बघतो, आणि न कळवलेला बदल दिसला तर क्लेम अडकू शकतो. म्हणून माझा सरळ हिशोब: त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनं जे माप दिलंय, तिथपर्यंत जा आणि थांबा. दिसायला बदल मिळतो, भिंत फक्त १२ मि.मी. कमी होते, आणि वादाला जागा राहत नाही.

यात एक चांगली पळवाट आहे, ती मला एका जुन्या टायरवाल्यानं सांगितली. टॉप मॉडेल घेणारे हौशी लोक शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या कंपनीची अलॉय काढून मोठी टाकतात. ती काढलेली, जेमतेम वापरलेली अस्सल चाकं जालन्यात, संभाजीनगरात सेकंडहँड मिळतात. पीसीडी, भोक, ऑफसेट, सगळं जसंच्या तसं. फक्त घेताना प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा, डगमगते का. आतून टॉर्च मारून वेल्डिंगचा डाग शोधा. आणि रंग फारच ताजा असेल तर शंका घ्या.

टायर मात्र सेकंडहँड घेऊ नका. नवा घेतानाही भिंतीवर आयएसआयचा शिक्का आणि चार आकडी तारीख बघा. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘ऑफर’मध्ये खपवतात. मापाच्या शेवटी ८५ टी असं काहीतरी असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजनाची ताकद, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. स्वस्तात मिळतोय म्हणून कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी ताकदीचा घेऊ नका. बदलायचा कधी, तेही टायरच सांगतो. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मि.मी. उरली, कायद्याची मर्यादा संपली. मी म्हणेन, पावसाळा तोंडावर असेल तर तिथपर्यंत थांबूच नका.

दादाला सतरा इंचीचं, टायरसकट, पासष्ट हजारांच्या आसपास कोटेशन मिळालं होतं. अर्धे रोख, अर्धे हप्त्यावर. एका संध्याकाळी आम्ही वहीवर या भिंतींची चित्रं काढली, १३२, १२०, १०७, ९२. आजी बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, “यातल्या कोणत्या चाकानं पाठ कमी दुखंल?” दादानं काही न बोलता १३२ वर बोट ठेवलं. मग थोड्या वेळानं १२० वर सरकवलं.

शेवटी त्यानं संभाजीनगरहून कंपनीची जुनी १५ इंची अलॉय आणली आणि वर चार नवे १८५/६५ टाकले. पैसे उरले त्यात शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले, अलायमेंट झाली. दर पहिल्या तारखेला चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवून टेंगूळ बघायचं, हे काम त्यानं दुकानातल्या पोराला शिकवलंय. चाकं चांदीच्या रंगाची आहेत. त्यांना काळा रंग मारायचा, हे त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.